न दिसणारी शर्यत

२४ फेब्रुवारी २०१० रोजी ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंह मैदानावर सचिन तेंडुलकर याने एकदिवसीय सामन्यातील आपले द्विशतक पुरे केले. त्या दिवशी मैदानात बसलेल्या प्रत्येक प्रेक्षकास त्याने खेळलेले सर्व १४७ चेंडू आपल्या जागेवरून पाहता आले. क्रिकेट काय, हॉकी काय, कुस्ती काय, हे खेळ प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर आरंभापासून अखेरपर्यंत घडतात. लांब पल्ल्याच्या सायकल-शर्यतीची गोष्ट मात्र निराळी आहे. रस्त्याच्या कडेला तासन् तास तिष्ठत उभे राहावे, आणि स्वार समोरून निघून जावेत ते क्षणार्धात. पुढे काय झाले, हे दुसऱ्याने सांगावे तेव्हाच कळावयाचे.

या उणिवेतूनच जगातील सर्वांत मोठी सायकल-शर्यत जन्मास आली. पॅरिसच्या ‘लोतो’ या क्रीडाविषयक दैनिकाचा खप प्रतिस्पर्धी पत्रापुढे वाढेना, म्हणून संपादक आंरी देग्रांज यांनी १९०३ च्या जुलैमध्ये ‘तूर द फ्रान्स’ भरविली. सहा टप्पे, एकूण २४२८ किलोमीटर! साठ स्वार निघाले आणि एकवीसच परत पोहोचले. पहिला आला मोरीस गारँ. जे कोणीच संपूर्ण पाहू शकत नाही, ते वाचण्यासाठी लोक वर्तमानपत्र घेतात, हे देग्रांज यांनी अचूक ओळखले होते. पुढे १९१९ मध्ये आघाडीच्या स्वाराला पिवळा सदरा मिळू लागला. ‘लोतो’चा कागदही पिवळाच असे.

परंतु जे दिसत नाही, तेथे लबाडीलाही वाव असतो. १९०४ च्या शर्यतीत काही टप्पे रात्रीच्या अंधारात धावले गेले आणि काही स्वारांनी आगगाडीचा आश्रय घेतल्याचे आरोप झाले. चौकशीअंती पहिले चारही स्वार, त्यांत खुद्द गारँ, बाद ठरले. पाचव्या क्रमांकाचा आंरी कोर्ने विजयी ठरला. त्याने वयाची विशीही गाठली नव्हती.

वृत्तपत्रामागून नभोवाणी आली. १९२९ च्या सुमारास फ्रेंच वार्ताहर मोटारीतून शर्यतीचा माग काढीत श्रोत्यांना हकीगत सांगू लागले. त्या पहिल्या निवेदकांपैकी अॅलेक्स व्हिरो हे १४ जुलै १९५७ रोजी शर्यतीचे वृत्त देत असताना मोटारसायकलच्या अपघातात मृत्यू पावले. त्यांचा चालकही वाचला नाही. श्रोत्यांच्या कानांपर्यंत शर्यत पोहोचविण्याची ही किंमत सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

दूरचित्रवाणीने १९४८ मध्ये पॅरिसमधील अखेरची दौड प्रथमच प्रत्यक्ष दाखविली. आपल्याकडे दूरचित्रवाणी दिल्लीत १९५९ साली आणि मुंबईत १९७२ साली सुरू झाली. आज ग्वाल्हेरच्या घरात बसून आल्प्सचे घाट हातातील दूरध्वनीवरही पाहता येतात. फ्रान्सचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्याहून साडेतीन तास मागे असल्याने तेथील सायंकाळची चुरस येथे रात्रीच्या जेवणाच्या वेळी चालते. मराठी माणसाला ती परकी वाटण्याचे कारण नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढून जाणारास ‘घाटाचा राजा’ म्हणण्याचा प्रघात आहे. फ्रान्समध्येही डोंगर चढणाऱ्याचा सन्मान १९३३ पासून निराळा होतो. जानेवारी २०२६ मध्ये तर पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर आंतरराष्ट्रीय दर्जाची बहुटप्पी शर्यत झाली.

मग आता सारे दिसू लागले, असे म्हणावे काय? १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षे लान्स आर्मस्ट्राँग याचे विजय दूरचित्रवाणीने जगभर दाखविले. २०१२ मध्ये ती सातही विजेतेपदे उत्तेजक द्रव्यांपायी काढून घेण्यात आली आणि पुढच्याच वर्षी त्याने आपला दोष कबूल केला, तोही दूरचित्रवाणीवरच. पाहिल्यावाचून विश्वास न ठेवणाऱ्या संत थोमाचीही येथे फसगतच झाली असती.

याच्या अगदी उलट दाखला १९४८ चा विजेता, इटलीचा जिनो बार्ताली, याचा आहे. हा भाविक कॅथलिक स्वार १९३८ मध्येही ही शर्यत जिंकला होता. मधल्या महायुद्धाच्या काळात, जर्मनांनी इटली व्यापल्यावर, ज्यू कुटुंबांना मठांतून आणि घरांतून लपविण्याचे कार्य फ्लॉरेन्सचे कार्डिनल दाल्ला कोस्ता यांच्या आश्रयाने चालले होते. त्यासाठी लागणारी बनावट ओळखपत्रे बार्ताली आपल्या सायकलच्या नळ्यांत दडवून फ्लॉरेन्स आणि असिसी यांच्या दरम्यान नेत असे. सरावासाठी निघालेल्या प्रसिद्ध खेळाडूचा रस्त्यावर कोणाला संशय येणार? सापडता तर प्राणांशी गाठ होती. १९४८ मध्ये कॅमेऱ्याने त्याला जगासमोर आणले, तेव्हा प्रेक्षकांना त्याची सायकल दिसली; नळीतील कागदांची कथा दिसली नाही, आणि त्यानेही ती कधी जाहीरपणे मिरविली नाही. २००० साली तो वारला. जेरुसलेमच्या ‘याद वाशेम’ या संस्थेने राष्ट्रांतील सज्जनांमध्ये त्याची गणना केली ती २०१३ मध्ये.