सायकल मिळाली, रस्ता कुठंय?

१८८८ साली दोन गोष्टी घडल्या. बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. हा टायर त्याने आपल्या पोराच्या तीनचाकीसाठी बनवला होता, म्हणजे पोराला हादरे कमी बसावेत. आणि त्याच साली इकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात झाली, तीही सायकलच्या दुकानापासून. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे. बेळगावचं दुकान भाऊ रामुअण्णा बघायचे.

आमच्या परभणी जिल्ह्यात किर्लोस्कर म्हटलं की लोखंडी नांगर आठवतो, नाहीतर विहिरीवरचा पंप. त्याआधी सायकल होती, हे फार कुणाला ठाऊक नसतं.

मी मूळचा मानवत तालुक्यातल्या एका गावचा. इंजिनिअरिंग केलं आणि आता हिंजवडीत कोड लिहितो. त्यामुळे दोन वेगळ्या सायकली रोज डोळ्यांसमोर असतात. पुण्यात रविवारी पहाटे हेल्मेट घालून, गिअरच्या सायकलवर सिंहगडाकडे निघालेली मंडळी दिसतात. गावी गेलो की सकाळी साडेनऊच्या सुमाराला कॅरियरला दप्तर लावून एका रांगेत शाळेला निघालेल्या मुली दिसतात. ‘सायकलिस्ट’ हा शब्द आपण फक्त पहिल्यांसाठी वापरतो. ‘शहरात सायकल संस्कृती रुजवणार’ अशी बातमी वाचली की मला म्हणून एकच प्रश्न पडतो. यातली कुणाची सायकल?

बिल्ल्याचे दिवस

पुणे एके काळी सायकलींचं शहर होतं, हे तुम्ही ऐकलं असेल. त्यामागे संस्कृती वगैरे नव्हती. शहर सपाट, अंतरं लहान आणि लोकांच्या खिशात पैसे बेताचे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातला कामगार, कचेरीतला कारकून, कॉलेजचा पोरगा आणि त्याला शिकवणारा प्राध्यापक, सगळे एकाच रस्त्यावर पायडल मारायचे. ज्याच्याकडे स्वतःची नव्हती, तो तासाच्या हिशोबाने भाड्याने घ्यायचा. ॲप नव्हतं, डिपॉझिट नव्हतं. दुकानदार वहीत नाव लिहायचा आणि मडगार्डवर रंगवलेला नंबर टिपून घ्यायचा.

या सायकलवर कर होता. नगरपालिका पैसे घ्यायची आणि पितळेचा बिल्ला द्यायची. बिल्ला सायकलला लावलेला नसला तर दंड. रात्री दिवा नसला तरी दंड. डबल सीट दिसलं की पोलीस शिट्टी मारायचा आणि चाकातली हवा सोडून द्यायचा. गावंही यातून सुटली नव्हती. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात जे कर लावायची मुभा आहे, त्यांत सायकलवरचा करही होता.

आज हे वाचून हसू येतं. पण सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेने बघा. ज्याची नोंद आहे, तेच सिस्टिमला दिसतं. बिल्ला होता तोवर शहरात किती सायकली आहेत हे पालिकेला कळत होतं. सायकलवाला कर भरायचा, त्यामुळे रस्त्यावर त्याचा हक्क आहे यावर कुणी शंका घेत नव्हतं. पुढे कर गेला, बिल्ले भंगारात गेले. सुटका झाली म्हणून लोक खूश झाले. पण सायकल त्याच वेळी कागदावरूनही पुसली गेली. मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने सायकल हे ‘मोटार वाहन’ नाहीच. तिची आरटीओत नोंद नाही, तिला नंबर नाही, विमा नाही. रस्ता रुंद करायचा ठरतो तेव्हा मोजणी गाड्यांची होते. सायकल मोजायची कुणाच्या लक्षात येणार?

पुण्यानेच पुणं बदललं

सायकलींचं शहर मोडायला बाहेरून कुणी आलं नाही. बजाजचा कारखाना आकुर्डीत, काइनेटिकचं घर पुण्यातच. १९७२ साली ‘चेतक’ आली आणि त्याच साली ‘लुना’ही. लुनाला तर पायडलसुद्धा होतं. सायकलवाल्याला वाटावं, ही आपलीच सायकल, फक्त मोटार लावलेली. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. १९९१ नंतर नंबर संपले, हप्ते आले आणि सायकल जिन्याखाली गेली.

यात कुणाला दोष देण्यासारखं काही नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाला हडपसर ते पिंपरी पायडल मारत जा, असं सांगायचा हक्क कुणालाच नाही. चूक झाली ती पुढे. गाड्या वाढल्या आणि सायकलवर उरलेल्या लोकांची जागा कुणी राखून ठेवली नाही. वॉचमन, मोलकरीण, बांधकामावरचा मजूर, शाळेचं पोर, हे सगळे सायकलवरच होते. फक्त आता ते कडेला ढकलले गेले.

२००६ च्या डिसेंबरात पुण्यात कात्रज–स्वारगेट रस्त्यावर बीआरटी सुरू झाली. केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेचा तो काळ. त्या निधीतून रस्त्यांच्या कडेने सायकल ट्रॅक आले. त्यांची गत पुणेकर जाणतात. कुठे मधोमध विजेचा डीपी, कुठे झाड, कुठे वडापावची गाडी, आणि जिथे मोकळा तिथे पार्किंग. सगळ्यात वाईट म्हणजे बहुतेक ट्रॅक चौकात येऊन संपतात. धोका सर्वांत जास्त चौकातच असतो, आणि नेमका तिथेच ट्रॅक तुमचा हात सोडतो.

२०१७ साली महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. आराखडा कागदावर चांगला होता. आठशे किलोमीटरच्या आसपास मार्गांचं जाळं, चौकांचा विचार, सायकल भाड्याने देण्याची योजना. त्याच सुमाराला रंगीबेरंगी ॲपच्या सायकली आल्या. पेडल, ओफो, मोबाईक. पोरांनी सेल्फी काढले. दोन-तीन वर्षांत या कंपन्यांनी गाशा गुंडाळला. मोडलेल्या सायकली काही दिवस फुटपाथवर पडून होत्या, मग त्याही गेल्या. २०२० मध्ये केंद्राने ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ ही स्पर्धा काढली. तिच्यात पुढच्या वर्षी निवडलेल्या ११ शहरांत नागपूर आणि पिंपरी-चिंचवड होती. स्मार्ट सिटी योजनेत मराठवाड्यातून एकच शहर, औरंगाबाद. परभणी अशा कुठल्या यादीत असणार?

पण गंमत अशी की, महाराष्ट्रातली सगळ्यात टिकलेली सायकल योजना परभणीसारख्या जिल्ह्यांतच चालू आहे. तिला कुणी सायकल योजना म्हणत नाही, एवढंच.

हुंड्यातली सायकल, दप्तरातली सायकल

आमच्याकडे सायकल आली ती पुरुषाची म्हणून. साठ-सत्तरच्या दशकात लग्नाच्या बोलणीत तीन गोष्टी हमखास निघायच्या. घड्याळ, रेडिओ आणि सायकल. आबांना त्यांच्या लग्नात काळी ॲटलस मिळाली होती. तिच्यावर दुधाचे कॅन गेले, खताची पोती गेली, आजारी माणूस दवाखान्यात गेला. पोरं नळीखालून पाय घालून हाफ पायडल शिकली. घरातल्या बायका मात्र कॅरियरवर बसल्या, हँडलला कुणी हात लावला नाही.

आत्याची शाळा सातवीत सुटली. गावात सातवीपर्यंतच होती, पुढची शाळा चार किलोमीटरवर. काका त्याच काळ्या ॲटलसवर गेले आणि मॅट्रिक झाले. सायकल घरात होती, रस्ता होता, शाळाही होती. आत्याला तिच्यावर बसायची परवानगी नव्हती. ‘पोरीच्या जातीला कशाला,’ एवढ्या वाक्यात विषय संपला.

म्हणून मानव विकास मिशनची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मानव विकास निर्देशांक कमी असलेल्या १२ जिल्ह्यांसाठी राज्याने २००६ साली हे मिशन सुरू केलं. २०११ पासून ते १२५ मागास तालुक्यांत नेलं. परभणी जिल्हाही त्यात आहे. गावोगाव ओळखीची झालेली निळी एसटी ही त्यातलीच, फक्त मुलींना शाळेत नेणारी. आणि शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे.

असं केल्याने काय होतं, याचा नीट अभ्यास बिहारमध्ये झाला. तिथे २००६ साली नववीत जाणाऱ्या प्रत्येक मुलीला सायकलसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून हिशोब मांडला. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं होतं. मुला-मुलींतली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली होती. शाळा लांब असलेल्या गावांत फरक जास्त पडला. त्याआधी १९९१ च्या सुमाराला तमिळनाडूच्या पुदुकोट्टै जिल्ह्यात साक्षरता मोहिमेने बायकांना सायकल शिकवली, तेव्हा लाखभर बायका शिकल्या होत्या.

माझी चुलत बहीण आठवीपासून बारावीपर्यंत अशाच सायकलवर गेली. आता ती परभणीत नर्सिंग करते. हुंड्यात नवरदेवाला मिळणारी वस्तू पन्नास वर्षांत शाळकरी मुलीच्या नावावर आली. आमच्या भागातल्या बदलाचं याहून सोपं उदाहरण माझ्याकडे नाही.

आणि रस्ता?

आता दुसरी बाजू. या मुली ज्या रस्त्याने जातात, तो नीट बघा.

राष्ट्रीय महामार्ग ६१ पाथरी, मानवत, परभणी असा जातो. त्याला अनेक गावांचे फाटे येऊन मिळतात. शाळा बहुतेक मोठ्या गावात, म्हणजे रस्त्याला लागूनच. ऊसतोड सुरू झाली की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिवसरात्र चालतात. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. मुरमाचे हायवा टिपर वेगळेच.

सायकलवाल्याला खरी जागा लागते ती साइडपट्टीची. आमच्याकडे डांबराची कड तुटलेली असते, आणि डांबरापासून साइडपट्टी बोटभर ते वीतभर खाली. नवा सिमेंटचा रस्ता झाला की हा उतार आणखी वाढतो. मागून ट्रक हॉर्न देतो, मुलगी घाबरून खाली उतरवते आणि चाक कडेला घासून पडते. खाली पडली तर खरचटतं. डांबराकडे पडली तर काय होतं ते लिहायला नको. पावसाळ्यात साइडपट्टी म्हणजे काळ्या मातीचा चिखल. तो मडगार्ड आणि टायरच्या मध्ये असा बसतो की चाक फिरत नाही. काडीने काढत, सायकल ढकलत जावं लागतं.

मुलींनी यावर आपला उपाय काढला आहे. त्या एकट्या जात नाहीत. सात-आठ जणींचा घोळका करून जातात. पुढची मोठ्या वर्गातली, मागचीही मोठी, लहान मध्ये. टोमणे मारणाऱ्या पोरांपासूनही त्यामुळे बचाव होतो. सरकारने ट्रॅक दिला नाही, त्यांनी स्वतःच्या रांगेचा ट्रॅक केला.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत ३२,८२५ तर पायी चालणारी होती. पायी चालणारा आणि सायकलवाला, दोघांच्या अंगाभोवती पत्रा नसतो. एक माहिती इथेच देतो, कारण गावात ती फारशी कुणाला नसते. धडक देऊन पळालेली गाडी सापडली नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळायची तरतूद आहे. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडे करायचा.

थोडक्यात, आपल्या राज्यात दोन सायकल योजना आहेत आणि दोघींची गाठ पडत नाही. पुण्यात ट्रॅक आधी आले आणि सायकलवाला शोधावा लागतो. परभणीत सायकलवाली रोज रस्त्यावर आहे आणि तिला ट्रॅकच काय, साइडपट्टीसुद्धा नाही. एक योजना नगरविकासची, दुसरी नियोजन विभागाची, रस्ता तिसऱ्याच खात्याचा.

रस्ता मागावा लागतो

सायकलचा विषय निघाला की हॉलंडचं नाव येतंच. डच लोक पूर्वीपासून सायकलवेडे, आपल्याला कसं जमणार, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण तिथेही दुसऱ्या महायुद्धानंतर गाड्यांनी रस्ते भरले होते, सायकली हटत होत्या. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात सुमारे ३,३०० माणसं रस्त्यावर मेली. त्यांत चारशेहून जास्त लहान मुलं होती. ज्याची मुलगी अपघातात गेली, अशा एका पत्रकाराने लेख लिहिला. त्यातून ‘मुलांचे खून थांबवा’ नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले. १९७३ च्या तेलटंचाईने सरकारलाही दुसरं कारण मिळालं. आज दिसणारे डच ट्रॅक त्या भांडणातून आले. तिथे मागणी ‘आम्हाला सायकल हवी’ अशी नव्हती. ‘आमचं पोर शाळेतून जिवंत घरी यायला हवं’ अशी होती.

ही मागणी परभणीतही करता येते, आणि तिला स्मार्ट सिटीचा निधी लागत नाही. शाळेच्या दोन्ही अंगांच्या दोन-तीन किलोमीटरपुरती डांबराच्या बरोबरीने दाबलेली, मुरमाची पक्की साइडपट्टी. शाळेच्या फाट्यावर गतिरोधक आणि फलक. हंगाम सुरू व्हायच्या आत प्रत्येक ऊस ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर, आणि तो कारखान्याच्या गेटवर तपासलेला. शाळा भरायच्या आणि सुटायच्या तासाला टिपर बंद. सायकलच्या पैशांबरोबर पाच-पन्नास रुपयांचा मागचा लाल दिवा.

मी एवढंच केलंय की आमच्या गावापासून शाळेपर्यंतचा रस्ता सुट्टीत सायकलने जाऊन फोनवर टिपला. कड कुठे तुटली आहे, उतार किती आहे, वळणावर झुडपं कुठे वाढली आहेत, याचे फोटो आणि लोकेशन. नकाशा छापून ग्रामसभेत ठेवला. ठराव झाला, पत्र बांधकाम खात्याकडे गेलंय. उत्तर यायचंय. दुसऱ्या नकाशाचं काम नववीतल्या दोघींनी हातात घेतलंय, कारण कुठला खड्डा पावसात दिसत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

बिल्ल्याच्या काळात सायकल मोजली जायची ती कर वसूल करायला. आता या मुली रस्ताच मोजायला निघाल्यात.