पहिला गेम दुसऱ्याचा असतो : ब्रिटनमधील घरगुती गेमकारांची पिढी

१/ व्हिडिओ गेम बनवण्याची सुरुवात कोठून करावी? हा प्रश्न आजचा वाटतो. परंतु १९८० च्या दशकात ब्रिटनमधील शाळकरी मुलांनी त्याचे उत्तर घरबसल्या शोधले होते. इंटरनेट नव्हते, शिकवणारे क्वचितच भेटत. मग ही मुले शिकली कशी? #थ्रेड

२/ मुळाशी होती ‘बेसिक’ ही भाषा. विज्ञानेतर विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, या हेतूने जॉन केमेनी व थॉमस कर्ट्झ यांनी ती १९६४ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात सिद्ध केली. १९७३ मध्ये डेव्हिड आल यांनी बेसिकमधील १०१ खेळांचे पुस्तक काढले. त्यात प्रत्येक खेळाचा प्रोग्राम छापलेला होता.

३/ एप्रिल १९८२ मध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ बाजारात आणला. १६ केबी स्मृतीच्या यंत्राची किंमत १२५ पौंड, ४८ केबीची १७५ पौंड. पडद्याच्या जागी घरचा टीव्ही आणि साठवणीसाठी साधा कॅसेट रेकॉर्डर! संगणक मध्यमवर्गीय घरात शिरला.

४/ हे यंत्र सुरू केले की समोर थेट बेसिकच येई. ‘पी’ ही कळ दाबताच ‘प्रिंट’ हा अख्खा शब्द उमटे. सोबतची पुस्तिकाही प्रोग्रामिंग शिकवणारीच होती. खेळणारा आणि घडवणारा यांच्यामध्ये भिंतच नव्हती.

५/ मासिकांत खेळांचे प्रोग्राम छापून येत. मुले ते ओळीमागून ओळ टंकित करीत. एक स्वल्पविराम चुकला तरी खेळ अडे. ती चूक शोधणे हाच पहिला धडा. पुढचा धडा खोडीचा : एखादा आकडा बदलून पाहायचा. शत्रूचा वेग वाढे, प्राण तीनाचे तीस होत. दुसऱ्याचा खेळ असा हळूहळू आपला होई.

६/ मात्र बेसिक संथ होती, कारण प्रत्येक आज्ञेचा अर्थ खेळ चालू असतानाच लावला जाई. म्हणून जिद्दी मुले झेड-८० प्रोसेसरच्या यंत्रभाषेकडे वळली. मॅथ्यू स्मिथ यांचा ‘मॅनिक मायनर’ १९८३ मध्ये आला, तेव्हा ते अवघे १७ वर्षांचे होते. त्यातील २० गुहा एकहाती रचलेल्या होत्या.

७/ या कथेला काळी बाजूही आहे. लिव्हरपूलची ‘इमॅजिन सॉफ्टवेअर’ ही गाजलेली कंपनी १९८४ मध्येच कोसळली. पुढे घराघरांत कार्ट्रिजवर चालणारे कन्सोल आले. त्यांवर खेळता येई, पण नवा खेळ लिहिता येत नसे. जी भिंत नव्हती, ती उभी राहिली.

८/ भारताचाही या काळाशी धागा आहे. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पातून निवडक शाळांत ब्रिटनचे ‘बीबीसी मायक्रो’ संगणक आले. सुरू करताच बेसिक समोर ठेवणारे तेही यंत्र!

९/ भिंतीचे परिणाम दोन दशकांनी दिसले. केंब्रिजमध्ये संगणकशास्त्राला येणाऱ्या अर्जदारांची संख्या आणि तयारी घटल्याचे एबन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांना जाणवले. त्या चिंतेतून २०१२ मध्ये ‘रास्पबेरी पाय’ हा स्वस्त संगणक अवतरला.

१०/ आज साधने मोफत आहेत, धडे अगणित आहेत. तरीही नवशिक्याने पहिल्याच दिवशी भव्य खेळाचा संकल्प सोडावा, असे हा इतिहास सांगत नाही. त्या मुलांनी आधी एक छोटा, चालणारा खेळ घेतला, तो बिघडवला आणि स्वतःच्या हाताने पुन्हा चालू केला. ती वाट अजूनही खुली आहे.