दहा स्क्रूंची खुर्ची

मुंबईतल्या इराणी हॉटेलांनी घराघरात ओळखीच्या केलेल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आता जुन्या बाजारात मांडलेल्या दिसतात. विकणारा आधी ग्वाही देतो ती ‘सगळं ओरिजिनल’ असल्याची. या खुर्चीपुरती तरी ती ग्वाही फारशी कामाची नाही. या घराण्याचे मूळ म्हणजे मिखाएल थोनेटने 1859 साली आणलेली 14 नंबरची खुर्ची. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केल्या की 36 खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत आणि मुक्कामी पोचल्यावर जोडल्या जात. सुटे भाग बदलता यावेत अशीच जिची घडण, तिचा एखादा पुढचा पाय मागाहून बसवला म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. बैठकीचा वेत तर झिजणारच. तो नव्याने विणलेला असला तर विणकाम नीट आहे का एवढेच पाहावे.

नजर द्यायची ती वळणांवर. बीचचे लाकूड वाफेवर मऊ करून साच्यात वाकवताना बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी आवळत. त्यामुळे तिकडचे तंतू ताणून फाटत नसत, आतले दबत. खुर्चीचा सगळा जीव या वळणांत आहे. पाठीच्या कमानीवरून नख फिरवावे. बाहेरच्या बाजूला ते अडकले, तर तंतू उचलले गेले आहेत आणि ते लपवायला वर पॉलिशचा जाड थर चढला असण्याची शक्यता धरावी. उलट खुर्ची डगमगते म्हणून घाबरू नये, स्क्रू आवळले की बहुधा भागते. भीती बाळगावी ती मुळीच न हलणाऱ्या खुर्चीची, जिच्या सांध्यात कोणीतरी फेविकॉल ओतून वर खिळे ठोकले आहेत. ती आज भक्कम वाटते, पण लाकूड न फोडता पुन्हा उघडता येत नाही. बीचला भुंगाही लागतो. छिद्रांखाली फिकट, ताजी भुकटी सांडत असेल, तर किडा अजून आत आहे.

यावर संग्राहक विचारतील की सगळेच बदलत गेले तर जुने उरले काय? प्रश्न रास्त आहे, पण बैठकीखालच्या लेबलाने तो सुटत नाही. थोनेटचे पेटंट 1869 साली संपले आणि कोहनसारखे कारखानदार तसाच माल काढू लागले. शिवाय लेबल साक्ष देते ती फार तर बैठकीच्या त्या एका कड्याची. मर्यादा घालायचीच तर ती मागच्या तुकड्यावर घालावी. पाठ आणि मागचे दोन्ही पाय मिळून तो एकच अखंड दांडा असतो. तो बदलला असेल, तर खुर्चीला जुन्याचा भाव देऊ नये. पायांची टोकेही बघावीत. रोज धुतल्या जाणाऱ्या फरशीवर ती कुजतात, मग चारही पाय सारखे कापून टाकले जातात. म्हणून टेप लावून बैठकीची उंची मोजावी. 45-46 सेंटीमीटरपेक्षा ती बरीच कमी भरली, तर पाय कापल्याचा संशय घेऊन किंमत त्या हिशेबाने पाडून मागावी.