तळटीप १७ : ‘बॅलची सुई’

१७. बॅल म्हणजे ‘ब्रिटिश अँटी-ल्युइसाइट’. शास्त्रीय नाव डायमरकॅप्रॉल. ल्युइसाइट हे कातडीवर फोड आणणारे, आर्सेनिकयुक्त रासायनिक अस्त्र. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी ते वापरील या धास्तीने ऑक्सफर्डमध्ये रुडॉल्फ पीटर्स, लॉइड स्टॉकन आणि रॉबर्ट थॉम्पसन यांनी त्यावर हा उतारा शोधला. काम गुप्त होते. ‘नेचर’मध्ये माहिती छापून आली ती १९४५ साली.

आर्सेनिक पेशींतील एन्झाइमांच्या गंधकयुक्त गटांना चिकटते आणि त्यांचे काम बंद पाडते. बॅलच्या रेणूत असे दोन गट शेजारीशेजारी असतात. ते आर्सेनिकला चिमट्यासारखे दोन्ही बाजूंनी धरतात आणि मग ते लघवीवाटे बाहेर पडते. एकच गंधकगट असलेली संयुगे इथे तोकडी पडली होती.

युरोपच्या रणभूमीवर ल्युइसाइट उतरलेच नाही. औषध मात्र वाया गेले नाही : उपदंशावरच्या आर्सेनिकयुक्त औषधांची बाधा झालेल्यांना, पाऱ्याच्या विषबाधेत आणि १९५१च्या सुमारास विल्सनच्या आजारातही (यात शरीरात तांबे साठते) ते देऊ लागले.

मूळ मजकुरातील रुग्णाची कुरकुर मुळीच अतिशयोक्त नाही. शेंगदाणा तेलात विरघळवलेले हे औषध स्नायूत खोलवर टोचतात. जागा ठणकते, रक्तदाब चढतो, मळमळते आणि वासही नकोसा. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला ते चालत नाही. विल्सनच्या रुग्णांना तोंडाने घेण्याजोगा पर्याय, पेनिसिलामाइन, १९५६मध्ये जॉन वॉल्श यांनी दिला.