जोत्यावरची दीपमाळ

आमच्या पाटणच्या बाजूला पडक्या घराच्या जोत्यावर दीपमाळ हमखास उगवते. माणसाच्या उंचीची, चौकोनी दांड्याची. दांड्यावर टप्प्याटप्प्यानं काटेरी गेंद, अन् त्यांतून नारिंगी फुलं. देवळापुढच्या दगडी दीपमाळेसारखी दिसते, म्हणून तेच नाव. तुळशीच्या कुळातली, पण मूळची आफ्रिकेतली. पडीक, उकरलेली जागा दिसली की फोफावते.

गेंदाची राख दह्यात कालवून गजकर्णाला लावतात, एवढाच तिचा उपयोग मला ठाऊक. तरी आजी आमच्या जुन्या जोत्यावरची दीपमाळ कुणाला उपटू द्यायची नाही. का, ते उशिरा कळलं.

११ डिसेंबर १९६७. पहाटे चार वाजून गेल्यावर कोयनेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. दगडमातीच्या भिंती झोपलेल्यांच्या अंगावर आल्या. आमचंही घर बसलं. नवं घर वरच्या अंगाला बांधलं. पुढच्या पावसात जुन्या जोत्यावर रान माजलं, अन् दिवाळीच्या सुमाराला त्यात दीपमाळ फुलली.

"तुजी आत्या हितंच निजली व्हती," आजी म्हणाली. "त्या साली दिवाळीला दिवा लावायचं मन झालं न्हाई. ह्या झाडानं लावला."

सरकारी कागदात आत्या एक आकडा आहे. गेल्या साली जोतं सपाट करायला जेसीबी आणला, तेव्हा दीपमाळेभोवती मी चुन्याची रेघ ओढली. तेवढी जागा सोडली आहे.