बोरघाटाचे कंत्राट

बोरघाटातील लोहमार्ग इंग्रजांनी बांधला, असे आपण सरसकट म्हणतो. प्रत्यक्षात १८५६ मध्ये काम सुरू झाले ते विल्यम फॅव्हिएल या कंत्राटदाराकडे. त्याच्याखाली पोटकंत्राटदार, मग मुकादम आणि तळाशी कुदळ-घमेले. पैसा याच उतरंडीने खाली यायचा, वाटेत अडायचाही. थकलेल्या मजुरीवरून जानेवारी १८५९ मध्ये दंगा उसळला आणि त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथे आल्यावर काही आठवड्यांतच वारला. मग त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसने, कंत्राट पुढे चालवले. १८६३ मध्ये घाट खुला झाला. अ‍ॅलिसचे नाव उशिरा का होईना, आता घेतले जाते. दोरांना लोंबकळून कड्यात सुरुंगाची भोके पाडणाऱ्यांचे एकही नाव मला आढळलेले नाही. १८६१ मध्ये घाटात ४०,०००हून अधिक मजूर होते.