नवख्रिस्ती माणसानं वादात उतरावं का?

1830 साली मुंबईत हिंदू आणि ख्रिस्ती यांच्यात धर्मावर जाहीर वाद झाला. ख्रिस्ती बाजूनं बोलणाऱ्यांत एक जण इथलाच होता. रामचंद्र नावाचा हा ब्राह्मण पूर्वी पुराणिक होता आणि आता ख्रिस्ती झाला होता. मिशनरी जॉन विल्सन यांना मुंबईत येऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. समोरच्या शास्त्र्यांना पुराणांतले दाखले काढून दाखवायचे, तर साहेबापेक्षा पुराणिकच उपयोगाचा.

पुढच्या वर्षी मोरभट दांडेकर विल्सन यांच्यासमोर उभे राहिले. त्या वादातून दांडेकरांचं ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक निघालं आणि 1832 मध्ये विल्सन यांनी त्याला छापील उत्तर दिलं. मराठीतल्या धर्मविषयक वादाच्या वाङ्मयाची ही सुरुवात. त्या सुरुवातीलाच नवख्रिस्ती माणूस मैदानाच्या मधोमध उभा आहे, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

त्याला तिथं उभं करण्यामागचा हिशोब साधा होता. मिशनऱ्यांच्या दृष्टीनं तो चालताबोलता पुरावा: बघा, तुमच्यातलाच एक शिकलेला माणूस आमच्याकडे आला. समोरच्यांच्या दृष्टीनं तो घरभेदी. साहेबानं देवांची निंदा केली तर ती परक्याची निंदा. पण काल मांडीला मांडी लावून जेवलेल्यानं तेच म्हटलं की ते काळजात घुसतं. दोन्ही बाजूंना त्याचं बोलणं हवं होतं. त्याचे स्वतःचे प्रश्न सुटले आहेत का, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

ख्रिस्ती धर्मग्रंथात याबद्दल सावधगिरीची सूचना आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, नुकताच विश्वासात आलेल्या माणसाला मंडळीचा अध्यक्ष करू नये, तो गर्वानं फुगेल, असं बजावलं आहे. पेत्राच्या पत्रात मात्र, तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणे, असं सांगितलं आहे. म्हणजे उत्तर द्यायचं सगळ्यांनी. पुढारपण मात्र नवख्यानं करायचं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात या दोन गोष्टींतलं अंतर फार वेळा पुसलं गेलं.

त्याची किंमत कुणी मोजली, हे 1843 मध्ये दिसलं. विल्सन यांच्या शाळेत शिकणाऱ्या नारायण शेषाद्रींनी त्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन होता आणि तोही मिशनरींकडे राहत होता. वडील कोर्टात गेले, कोर्टानं मुलगा त्यांच्या हवाली केला. मग दुसरा वाद पेटला: ख्रिस्ती लोकांत राहून-जेवून आलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचं का? बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन त्याला परत घेण्याच्या बाजूनं उभे राहिले आणि त्यासाठी त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करला. मिशन, कोर्ट, शास्त्री, वृत्तपत्रं असे सगळे श्रीपतबद्दल बोलत होते. त्या मुलाचं स्वतःचं म्हणणं मात्र या साऱ्या गदारोळात फारसं ऐकू येत नाही. नारायण शेषाद्री पुढे जालन्याकडे गेले, तिथं बेथेल नावाची वस्ती उभी केली आणि आयुष्यभर काम केलं. पण शेषाद्रींच्या घरात जी चीर पडली, ती कुठल्या वादातल्या मुद्द्यानं भरून येणारी नव्हती.

वाद हा उथळ माणसांचाच उद्योग, असं मात्र यावरून म्हणता येत नाही. त्याचं सर्वांत मोठं उदाहरण नीलकंठशास्त्री गोऱ्हे. जन्म 1825 चा, झाशीजवळचा. वाढले काशीत, चित्पावन घरात. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्यानं 1839 मध्ये ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्माची बाजू मांडली होती. त्याचं खंडन करणाऱ्या पंडितांपैकी नीलकंठशास्त्री एक. त्यांचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ 1844-45 चा, म्हणजे ऐन विशीतला. काशीतल्या विल्यम स्मिथ या मिशनऱ्याला हरवायच्या इराद्यानंच ते त्याच्याकडे गेले होते. वाद करता करता त्यांनी बायबल वाचलं आणि स्वतःचाच पाया हलल्याचं त्यांना जाणवलं. 14 मार्च 1848 रोजी जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोऱ्हे झाले.

गोऱ्ह्यांचा मोठा वाद बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे. त्यात हरण्याची शक्यता त्यांनी खुली ठेवली होती; म्हणून तो खरा वाद. बाप्तिस्म्यानंतरही ते लिहीत राहिले. हिंदू दर्शनांचं खंडन करणारा त्यांचा हिंदीतला ‘षड्दर्शनदर्पण’ प्रसिद्ध झाला 1860 मध्ये, म्हणजे बाप्तिस्म्याला बारा वर्षं झाल्यावर. पण हा विद्वान आयुष्यभर शंकांनी पोळलेला होता. दुसऱ्यांना पटवून देणारी त्यांची बुद्धी त्यांना स्वतःला पुरेशी शांतता देऊ शकली नाही. वादात जिंकलेला मुद्दा श्रद्धेला आधार देतो. श्रद्धेची जागा घेत नाही.

मैदानी वादाचा कळस झाला 1857 मध्ये. विष्णुबोवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात त्या वर्षी 15 जानेवारीपासून 28 मेपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर दर गुरुवारी वाद झाले. ऐकायला मोठी गर्दी जमे. जॉर्ज बोवेन या मिशनऱ्यानं ते वाद पुस्तकरूपानं छापले. मात्र त्या वाळूवर कुणी बाजू बदलली का, यापेक्षा तिथून परत जाताना बहुतेक जण आपापल्या बाजूला अधिक घट्ट झाले, हेच खरं असावं. गर्दीसमोर माणूस मत बदलत नाही. बदललं तर तो हरला असं होतं. नव्या माणसाला हे सर्वांत जड जातं. त्यानं नुकतंच एकदा मत बदललेलं असतं आणि त्याची किंमत मोजलेली असते. आता जरा जरी डगमगला, तर घरही गेलं आणि मंडळीही गेली.

या पार्श्वभूमीवर पंडिता रमाबाईंचं वेगळेपण कळतं. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयामागे गोऱ्ह्यांच्या लिखाणाचाही वाटा होता. त्या इंग्लंडमध्ये असताना इकडे पुण्यात त्यांच्यावर टीकेची झोड उठली, तेव्हा 1885 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. रमाबाई स्वतः मात्र त्या वेळी वेगळ्याच वादात गुंतल्या होत्या, आणि तो वाद हिंदूंशी नव्हता, स्वतःच्या नव्या चर्चशी होता. त्रैक्याचा सिद्धान्त कळला नाही तरी का मानायचा? मुलगी मनोरमा हिला काय शिकवायचं हे कुणी ठरवायचं? क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत? वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. नव्यानं आलेल्या बाईनं आधी नम्रपणे शिकावं, अशी सिस्टरची अपेक्षा. धर्म बदलला म्हणजे सदसद्विवेक कुणाच्या हाती गहाण ठेवला असं नाही, हा रमाबाईंचा सूर.

हिंदूंविरुद्ध बोलणारा नवख्रिस्ती मिशनला हवा होता. मिशनला प्रश्न विचारणारी नवख्रिस्ती बाई मात्र त्यांना उद्धट वाटली. यावरूनच कळतं की नव्या माणसाला वादात उतरवताना त्याच्या बुद्धीचा मान किती राखला जात होता आणि उपयोग किती केला जात होता. रमाबाई त्या पत्रांत जिंकल्या की हरल्या, हा प्रश्न गैरलागू आहे. आपली श्रद्धा आपल्या पायांवर उभी करण्यासाठी त्यांना तो वाद हवा होता. 1889 मध्ये शारदा सदन काढणाऱ्या रमाबाई त्यातूनच घडल्या.

नारायण वामन टिळकांचा रस्ता आमच्या विदर्भातून जातो. ते नागपुरात आप्पासाहेब बुटींकडे कामाला होते. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी बोलणं झालं आणि त्यानं टिळकांना बायबल दिलं. डब्यात श्रोते नव्हते, पंच नव्हते. पुढची दोन वर्षं टिळक वाचत, झगडत राहिले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर काय कोसळलं ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना सांगायला नको. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. लक्ष्मीबाई पुन्हा टिळकांसोबत राहू लागल्या त्या हिंदू म्हणूनच. आधी त्यांच्या मनातली सोवळ्याओवळ्याची आणि जातीची भिंत पडली, श्रद्धा नंतर बदलली. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांसारखा बोलका माणूस घरात असूनही हे काम वादानं झालं नाही, सहवासानं झालं. टिळकांचं टिकलेलं लेखनही खंडनमंडनाचं नाही. त्यांची भजनं आणि अभंग आजही मराठी चर्चमध्ये म्हटले जातात. 1917 मध्ये काढलेल्या ‘देवाचा दरबार’मध्ये तर त्यांनी बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा दिली.

हिंगणघाटच्या माणसाला या प्रश्नाची आणखी एक बाजू माहीत असते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखोंनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. डॉ. आंबेडकरांनी येवल्याची घोषणा केली होती 1935 मध्ये. मधली एकवीस वर्षं वाचन, चर्चा, टीका, उत्तरं यांत गेली. वाद भरपूर झाला, पण मुख्यतः दीक्षेच्या आधी झाला. दीक्षेच्या दिवशी लोकांना बावीस प्रतिज्ञा मिळाल्या, म्हणजे उद्यापासून कसं जगायचं याची यादी. गावी परतल्यावर ‘का सोडलं?’ असं विचारणाऱ्या शेजाऱ्याला त्यांनी दिलेलं उत्तर बरंचसं त्या जगण्यातच होतं.

‘का सोडलं?’ हा प्रश्न आजच्या नवख्रिस्ती माणसालाही चुकत नाही. सासुरवाडीत, कामाच्या ठिकाणी, चहाच्या टपरीवर तो येतोच. त्याला उत्तर देणं हा त्याचा हक्क आहे आणि गप्प बसायला सांगणं हा अन्याय. पण आपल्याला काय मिळालं हे सांगणं वेगळं आणि ज्या घरात वाढलो त्याचे देव खोटे ठरवायला मंचावर चढणं वेगळं. पहिल्यासाठी प्रामाणिकपणा पुरतो. दुसऱ्यासाठी गोऱ्ह्यांइतकी विद्वत्ता लागते, आणि त्यांनाही ती पुरली नाही.

म्हणून वादात उतरावं का, याआधी विचारायला हवं की हा वाद कुणाचा आहे. प्रश्न स्वतःचा असेल तर रमाबाईंसारखं खुशाल भांडावं, गरज पडली तर आपल्याच पाळकाशी. तो कुणा दुसऱ्याच्या विजयासाठी असेल, तर रामचंद्र पुराणिकाची आठवण ठेवावी. मराठीतल्या धर्मवादाची सुरुवात त्याच्यापासून झाली, पण त्या वादाच्या कथेत नावं राहिली ती विल्सन आणि दांडेकरांची.